वॉल्टरचं गाणं

मी एक जुनी गिटार आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते, मी एका चोरीत सामील होते. घाबरू नका. पोलीस वगैरे कुणी आले नाहीत. उलट चाळीस वर्षं लोकांनी त्या चोरीवर टाळ्या वाजवल्या. चोरलेली वस्तू परत कशी केली आणि ती परत करताना माझा जीव कसा भांड्यात पडला, तेच आज सांगायचं आहे. ऐकणार असाल तर नीट बसा, आणि मध्येच माझ्या खुंट्या पिळू नका. त्या आता फार नाजूक झाल्या आहेत.

माझा जन्म पोर्ट हॅल्डनचा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मोठी नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. गाव कसलं, सामन मासे डब्यात भरायचा एक कारखाना आणि त्याच्या मागे लाकडी खोल्यांच्या दोन रांगा. तिथे एइनो हालकोला नावाचा माणूस होड्या बांधायचा. तो फिनलंडहून आलेला. दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले चार कॉफीबद्दल असायचे. एका वर्षी पुरात स्प्रूस झाडाचा एक भला थोरला ओंडका नदीतून वाहत आला आणि किनाऱ्याला लागला. एइनोने त्यातून एका होडीची डोलकाठी काढली, आणि उरलेल्या फळीतून मला. माझी पाठ मेपलच्या मोडक्या जेवणाच्या टेबलाची आहे. अजून नीट पाहिलंत तर कॉफीच्या कपाचा गोल डाग दिसेल.

तो ओंडका नदीच्या वरच्या अंगाला कुणाच्या जंगलातला होता, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. तेव्हा मला तोंडच नव्हतं.

१९६० साली एइनोने मला आपल्या मुलाच्या, रौनोच्या, हातात दिलं. रौनो तेरा वर्षांचा होता. बापाने फक्त एवढंच म्हटलं, "पावसात ठेवू नकोस." झालं, संपलं भाषण. रौनोने मात्र मला असं काही पोटाशी धरलं, की मी त्या क्षणी त्याची झाले ती झालेच.

आणि मित्रांनो, त्याने माझ्यावर सगळ्यात पहिल्यांदा जी चाल वाजवली, ती त्या चोरलेल्या गाण्याची. पुस्तकातली नाही, रेडिओवरची नाही. त्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलेली.

ती कुठून आली, ते सांगायला मला माझ्या जन्माच्या आधी जावं लागेल. रौनो चार वर्षांचा असताना त्याच्या आईला, हिल्याला, क्षय झाला. तिला दूरच्या इस्पितळात ठेवलं, दोन वर्षं. बाप दिवसभर होड्यांच्या शेडमध्ये. मग या पोराला बघणार कोण? तर शेजारच्या खोलीतली लॉटी ग्रे. नदीवरच्या गावात राहणाऱ्या, या भूमीच्या मूळच्या लोकांपैकी ती एक. दर उन्हाळ्यात मासे साफ करायला कारखान्यात यायची. तिची मुलगी व्हर्ना रौनोपेक्षा एका वर्षाने मोठी. लॉटीने दोघांना एकाच वाडग्यात माशाचं सूप दिलं, एकाच तव्यावरची तळलेली भाकरी दिली, आणि दुपारच्या सुट्टीत दोघांना एकाच झोळीत घालून झोके दिले. झोके देताना ती काहीतरी हळू गुणगुणायची. शब्द जवळजवळ नव्हतेच. पोरं झोपून जायची.

रौनोला वाटलं, ही अंगाई आहे. चार वर्षांच्या मुलाला दुसरं काय वाटणार?

एकोणिसाव्या वर्षी तो मला पाठीवर मारून व्हँकुव्हरला गेला. आमचे हाल झाले, ते सगळं सांगत बसत नाही. तिथे क्लाइव्ह भेटला. तो बास गिटार वाजवायचा आणि सतत बडबडायचा, म्हणजे रौनोच्या अगदी उलट. दोघांचं चांगलं जमलं. १९७४ साली त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली, आणि त्यात ती चाल होती. रौनोने तिला स्वतःचे शब्द दिले. मुलं, नदी, चांदणं, होडी. क्लाइव्ह म्हणाला, "जरा झोपाळू वाटतंय रे, ताल वाढव." मग ताल वाढला, खंजिरी आली, आणि कडव्याच्या शेवटी टाळ्या. नाव दिलं 'झोपेची होडी'.

आणि काय सांगू, ते गाणं असं चाललं की विचारू नका. लग्नांत वाजलं. शाळांच्या स्नेहसंमेलनांत वाजलं. आइस हॉकीच्या मैदानात वाजलं. रेकॉर्डच्या वेष्टणावर माझा फोटो होता, रौनोपेक्षा मोठा. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या गिटारी भेटल्या की मी जरा मान ताठ करूनच त्यांच्या शेजारी उभी राहायचे.

रौनो वाईट माणूस नव्हता बरं का. हे मी मुद्दाम सांगते, कारण चोर म्हटलं की तुम्ही लगेच तोंडावर रुमाल बांधलेला माणूस डोळ्यांपुढे आणता. तो दरवेळी गाण्याआधी सांगायचा, "हे मला लॉटीमावशीने शिकवलं." तो त्या लोकांच्या नदीसाठी मोर्चात चालला. त्यांच्या भाषेच्या वर्गांसाठी त्याने फुकट कार्यक्रम केले. सरकारने त्यांच्यावर काय काय अन्याय केले, ते तो मंचावरून ठणकावून सांगायचा. समेट हवा, म्हणायचा, मनापासून म्हणायचा. त्याबद्दल त्याला एक मानपत्रही मिळालं. ते आमच्या भिंतीवर टांगलेलं होतं, आणि खाली कोपऱ्यात मी.

२०१४च्या शरदात आम्ही लॉटीच्या गावी गेलो. रौनोचा तिथला पहिलाच कार्यक्रम. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडलेल्या. पुढच्या रांगांत बाहेरून आलेले पाहुणे, मागे गावचे लोक. रौनोने शेवटी 'होडी' सुरू केली. पुढच्या रांगांनी नेहमीसारख्या टाळ्या धरल्या. गावच्या लोकांनी मात्र हात मांडीवर ठेवले ते हललेच नाहीत. एकही नाही.  

कार्यक्रम संपल्यावर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई थेट आमच्यापाशी आली.

"ओळखलंस?"

रौनोने दोन क्षण पाहिलं. "व्हर्ना! अगं, व्हर्ना!" त्याने हात पसरले.

"मिठी नंतर," ती म्हणाली. "आधी सांग, ते गाणं तुला कुणी दिलं?"

"लॉटीमावशीने. झोपवायची ना ती आपल्याला त्यावर."

"झोपवायची?" व्हर्ना खाली बसली. खुर्ची करकरली. "आपण झोपलो की ती रडायची, रौनो. रडता यावं म्हणून आपल्याला आधी झोपवायची. ते वॉल्टरचं गाणं आहे."

"वॉल्टर कोण?"

"बघ. चाळीस वर्षं गातोयस, आणि वॉल्टर कोण म्हणून विचारतोयस."

वॉल्टर हा व्हर्नाचा थोरला भाऊ. त्या काळी सरकार आणि चर्च मिळून निवासी शाळा चालवायचे. या लोकांची मुलं घरातून उचलून न्यायचे. आपली भाषा बोललं की मारायचे. वॉल्टरला सातव्या वर्षी नेलं. दुसऱ्या हिवाळ्यात तो तिथे आजारी पडून गेला, आणि त्यांनी त्याला तिथेच पुरलं. लॉटीला नुसतं पत्र आलं. ज्या उन्हाळ्यात ती रौनोला झोके देत होती ना, त्याच उन्हाळ्याच्या आधी.

ती गुणगुणायची ते तिच्या घराण्याचं शोकगीत होतं. या लोकांत गाणं ही घराण्याची मालमत्ता असते. बेडूक कुळातल्या त्या एका घराण्यानेच ते गायचं, मेलेल्या माणसासाठी, गावच्या हॉलमध्ये, सगळ्या कुळांना जेवायला बोलावून. दुसऱ्या कुणी तोंडात घ्यायचं नाही. पण हॉलमधल्या त्या समारंभांवर सरकारची कित्येक वर्षं बंदी होती. ती उठली त्याच वर्षी, तरी लोक अजून बिचकत होते. म्हणून लॉटीने मुलाचा शोक कारखान्याच्या खोलीत, दोन पोरांना झोका देत केला.



"त्र्याऐंशीत आई गेली," व्हर्ना सांगत होती. "हॉलमध्ये आम्ही तिच्यासाठी ते गाणं सुरू केलं. मागे बसलेल्या पोरांनी टाळ्या धरल्या. त्यांची काय चूक? रेडिओवर तसंच तर ऐकलं होतं. आम्ही मध्येच थांबलो. त्यानंतर आजतागायत ते गाणं कुणी म्हटलेलं नाही. वॉल्टरच्या नावाचा, कबरीवर लावतात तसा दगड करून घेतलाय मी. एकतीस वर्षं लाकडांच्या शेडमध्ये पडून आहे. गाण्याशिवाय दगड उभा करता येत नाही."

"पण मला कळवायचं तरी!"

"पत्र पाठवलं होतं. दोनदा. तुझ्या रेकॉर्ड कंपनीने तुझा सही केलेला फोटो पाठवला. दोन्ही वेळा."

  माझ्या तारा त्या दिवशी सैल पडल्या त्या पुढे कित्येक दिवस सुरात येईनात.

घरी आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे गाणं बंद. कंपनीला लिहून दिलं, रेकॉर्डवरून काढा, पुन्हा छापू नका, आणि हे गाणं ज्या घराण्याचं आहे त्याच्या नावावर करा. क्लाइव्ह डोक्याला हात लावून बसला.

"अरे बाबा, लोक त्या गाण्यासाठी येतात. तुझी बाकीची गाणी बिचारे ऐकून घेतात!"

"मग नाही येणार."

"आणि मी काय करू? मासे भरू डब्यात?"

"तुला जमणार नाही. तिथे बोलायला वेळ नसतो," रौनो म्हणाला. त्या महिन्यात तो तेवढा एकदाच हसला.

पण नुसतं बंद करून भागतं का? चोरलेली वस्तू कपाटात लपवली म्हणजे परत केली असं होत नाही. रौनोला ते आतून पोखरायला लागलं. तो सत्तरीला टेकलेला माणूस. व्हर्ना त्याच्याहून मोठी. दगड शेडमध्ये. दोघांपैकी एक गेला तर?

मग माझ्या या शहाण्या मालकाने काय करावं? गाणं लिहिलं! माफीचं गाणं. सगळा हिवाळा त्याने त्यात घातला. सात कडवी. चाल सुरेख होती, मला फार आवडली होती, खरं सांगते. वसंतात आम्ही ते घेऊन व्हर्नाच्या स्वयंपाकघरात गेलो. ती बरण्यांत मासे भरत होती. तिने हात पुसले, बसली, सातही कडवी शांतपणे ऐकली. आणि मग हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"एक गाणं नेलंस, आणि भरपाई म्हणून दुसरं आणलंस? आणि त्यात मोजलंस का, 'मी' किती वेळा आहे? मी चुकलो, मी रडलो, माझं काळीज... अरे, वॉल्टर कुठाय यात?"

रौनोचे कान लाल झाले. मी तर पेटीत तोंड लपवलं असतं, पण पेटी गाडीत होती.

"मग काय करू, तूच सांग."

"चल," ती म्हणाली.

तिने आम्हाला मागच्या शेडमध्ये नेलं. रचलेल्या लाकडांच्या मागे, निळ्या ताडपत्रीखाली तो दगड आडवा पडला होता. तिने एक कोपरा उचलला. वॉल्टर ग्रे, एवढंच वाचता आलं. वरून लाकडाचा भुसा पडलेला. रौनो गुडघ्यांवर बसला आणि बाहीने पुसू लागला.

"आमच्याकडे सगळं हॉलमध्ये होतं," व्हर्ना म्हणाली. "सगळ्यांच्या देखत. या शरदात मी वॉल्टरच्या दगडाचं जेवण घालते. तू यायचं. काम करायचं, वाढायचं. मग उभं राहायचं, काय नेलंस ते सांगायचं, आणि परत द्यायचं. बाकीच्या कुळांचे मोठे लोक ऐकतील. ते म्हणाले, आम्ही पाहिलं, तर गाणं आमच्याकडे आलं."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणाले." तिने ताडपत्री पुन्हा नीट केली. "हर्बी येईल. लांडगा कुळाचा. त्या शाळेत वॉल्टरच्या शेजारच्या खाटेवर होता तो. त्याच्या आधी कुणी बोलणार नाही. तो उठून गेला, तर दगड परत इथेच."

निघताना ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आणि हिलाही आण. नेताना दोघं होतात ना?"

बघा, म्हणजे आरोपीत माझंही नाव आलं.

मित्रांनो, त्या उन्हाळ्यात रौनोने जेवढी कामं केली तेवढी त्याने आयुष्यात केली नसतील. लाकडं फोडली. मासे धुरावर टांगले. मूस नावाच्या थोरल्या हरणाचं मांस कापायला शिकला आणि दोनदा बोट कापून घेतलं. गावच्या बायकांना तर करमणूकच झाली. "गायकबुवा, सुरी खाली धरा, माईकसारखी नको!" असं कुणीतरी म्हणायची आणि सगळ्या खो खो हसायच्या. पाहुण्यांना बरोबर द्यायला पिठाच्या पिशव्या, टॉवेल, बादल्या, सफरचंदांची खोकी जमवली. क्लाइव्हही आला. कुरकुर करत आला, पण खोकी उचलायला आला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, दुपारी, हॉल भरला. ज्या त्या कुळाची माणसं आपापल्या जागी बसली. पुढे चादरीखाली झाकलेला वॉल्टरचा दगड. त्याच्या शेजारच्या टेबलावर मला उताणी ठेवलेली. मान एका खोक्यावर टेकवली होती, म्हणून मला छतही दिसत होतं आणि सगळा हॉलही.

रौनो पांढरा एप्रन बांधून सूप वाढत होता. पळी त्याने दोन्ही हातांनी धरली होती, आणि तो घाबरलाय हे मला लांबूनही कळत होतं. पन्नास वर्षं मी त्या हातांत काढली आहेत. लांडग्यांच्या टेबलापाशी तो आला. पहिल्याच खुर्चीवर हर्बी. सुकलेला, ताठ, काळा कोट. रौनोने पळी कलती केली आणि अर्धं सूप हर्बीच्या बाहीवर!



हर्बीने आपल्या बाहीकडे पाहिलं. मग रौनोकडे. मग व्हर्नाकडे वळून विचारलं, "या पोराचं वय काय?"

"अडुसष्ट," व्हर्ना म्हणाली.

"हं. मग शिकेल हळूहळू."

हॉल हसला. रौनोही हसायला गेला, पण त्याला जमलं नाही. हर्बी हसलेला नव्हता.

जेवणं झाली आणि व्हर्नाने रौनोला पुढे बोलावलं. त्याने चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. पण दिवसभर सुपाच्या वाफेत राहून चष्म्यावर धुकं साचलेलं. पुसला तरी तेलकटच. शेवटी त्याने कागद खिशात टाकला.

"लॉटीमावशीने मला खायला घातलं," तो म्हणाला. "तिच्या मुलाचं गाणं मी उचललं. तिने ते मला दिलं नव्हतं, शिकवलंही नव्हतं. मी फक्त ऐकलं होतं, आणि लोकांना खोटं सांगत आलो. माझ्यामुळे तुम्हाला ते तुमच्याच हॉलमध्ये गाता आलं नाही. आज ते मी वॉल्टरच्या घराण्याला परत देतो. पुन्हा गाणार नाही. एकटा असतानाही नाही."

 तो तसाच उभा राहिला, एप्रन घालून, हात लोंबकळत.

  

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हर्बी उठला.

तो दरवाजाच्या दिशेने चालू लागला. व्हर्नाने डोळे मिटून घेतले.  माझ्या मनात आलं, संपलं सगळं. पुन्हा ताडपत्री, पुन्हा शेड, पुन्हा भुसा.

पण दरवाजाकडची वाट आमच्या टेबलावरूनच जात होती, आणि हर्बी आमच्यापाशी थांबला. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत होता. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज फार मोठा नव्हता.

"वॉल्टर बेसूर होता," तो म्हणाला. "पांघरुणाखाली आईची गाणी पुटपुटायचा. मी म्हणायचो, गप रे, ऐकतील. एकदा ऐकलंच त्यांनी. साबणाने तोंड धुतलं त्याचं. माझंही धुतलं, मी नुसता शेजारी होतो तरी." तो थांबला. "त्यांना जे पुसता आलं नाही, ते तू टाळ्यांवर नाचवलंस. रेडिओवर लागलं की मी दुकानातून बाहेर जायचो. अर्ध्या वस्तू तिथेच टाकून."

रौनोने मान खाली घातली नाही. हर्बीच्या डोळ्यांत बघत राहिला. ऐकणं हेच त्या वेळी त्याचं काम होतं.

"पण मी म्हातारा झालो," हर्बी म्हणाला, "आणि आमच्याकडून कितीतरी गोष्टी गेल्या. जमीन गेली, मासे गेले, पोरं गेली. सरकार कागद पाठवतं, खेद वाटतो म्हणून. नेलेली वस्तू स्वतःच्या हाताने उचलून आणणारा माणूस मात्र मी आज पहिल्यांदा बघतोय. सूप सांडत आला, पण आला." तो सगळ्या हॉलकडे वळला. "मी पाहिलं. लांडग्यांनी पाहिलं."

मग गरुड कुळाची एक बाई उठली. "आम्ही पाहिलं." मग आणखी एक म्हातारा. मग आणखी एक.

आणि व्हर्ना पुढे आली. काहीतरी हातात घ्यावं तसे तिने दोन्ही हात पुढे केले. "आलं," ती म्हणाली. "घरी आलं."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या अंगावर किती वजन होतं, ते उतरल्यावरच मला कळलं. क्लाइव्ह बेडूक कुळाच्या टेबलामागे उभा राहून ढसाढसा रडत होता. कुणीतरी रौनोला खुर्ची दिली. तो माझ्या शेजारी बसला.

मग ढोल वाजला. व्हर्नाने दगडावरची चादर काढली, आणि तिच्या घराण्याच्या माणसांनी ते गाणं म्हटलं. मित्रांनो, मी ते गाणं हजारो वेळा वाजवलं होतं, आणि त्या दिवशी कळलं, मला ते येतच नव्हतं. ते इतकं सावकाश होतं. प्रत्येक ओळीनंतर ते थांबायचं, मुलगा दारात येतोय का म्हणून आई थांबावी तसं.

आणि तेवढ्यात मला भीती वाटली. ढोल जवळ वाजला की गिटारीच्या तारा आपोआप बोलतात. आमचा स्वभावच आहे तो, इलाज नाही. माझी तिसरी तार थरथरायला लागली. चाल ओळखीची, म्हणून ती तार बोलू पाहायला लागली. मी मनात म्हटलं, नको गं, आज नको.

रौनोने हळूच आपला तळवा माझ्या सगळ्या तारांवर ठेवला. ऊबदार, कापलेल्या बोटाला पट्टी बांधलेला तळवा. मी शांत झाले. आणि आम्ही दोघं, ज्यांनी आयुष्यभर आवाज करण्यापलीकडे काही केलं नाही, ते गाणं संपेपर्यंत गप्प बसलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी त्या दिवशी केलं, असं मला वाटतं.

शेवटचा ढोल थांबला. कुणीही टाळी वाजवली नाही.

थोड्या वेळाने व्हर्ना रौनोपाशी आली. डोळे सुजलेले, पण चेहरा कसा मोकळा. "रडून झालं असेल तर भांडी घासायची आहेत," ती म्हणाली.

"व्हर्ना, हिलाही ठेवून घे," रौनो माझ्याकडे बघत म्हणाला. "हिचं लाकूडसुद्धा तुमच्याच नदीतून आलंय. बाबांनी कुणाला विचारलं नव्हतं."

तिने माझ्या पोटावर टिचकी मारली. मी घुमले. "लाकूड आमचं असेल," ती म्हणाली, "पण तुझ्या बापाचे हात आहेत यात. आता तू विचारलंस, आणि मी देते म्हणते. ने. एक विचारू? तुझी आई इस्पितळात होती तेव्हा तुला रडू यायचं. मला आठवतं ना. तिचं गाणं कधी लिहिलंस?"

रौनोने मान हलवली. नाही.

"मग लिही की. ते तुझं आहे. त्यासाठी कुणाला विचारायला नको."

मग त्याने तिला विचारलं, आता मिठी मारली तर चालेल का. तिने आधी एप्रन काढायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने मिळून वॉल्टरचा दगड लॉटीच्या शेजारी उभा केला. चार जणांनी उचलला, आणि पाचवा क्लाइव्ह, सूचना द्यायला.

तर अशी माझी कहाणी. आता मी रौनोच्या खोलीत खिडकीपाशी असते. मानपत्र त्याने उतरवून ठेवलं, तिथे लॉटीचा आणि हिल्याचा फोटो लावला. हिल्याच्या गाण्याची चाल अजून पुरती जमलेली नाही. रोज थोडी थोडी जमते. घाई नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरी असतील, तर त्यांना पुसा, कोरड्या जागी ठेवा. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागते. एखादी गोष्ट तुम्हाला फार फार आवडली, तर ती कुणाची आहे ते आधी विचारा. प्रेमाने उचलली तरी न विचारता उचललेली ती उचललेलीच. आणि चूक झालीच, तर ती स्वतःच्या पायांनी चालत जाऊन परत द्या. सूप सांडलं तरी चालतं.

आम्ही अजून कार्यक्रम करतो. लहान लहान. शेवटी अजूनही कुणीतरी मागून ओरडतं, "होडी! होडी म्हणा!"

रौनो तळवा माझ्या तारांवर ठेवतो, आणि हसून सांगतो, "ते घरी गेलं."